कंटेनर सगळ्यात शेवटी: वापरलेला कॅटलिस्ट परदेशी रिफायनरीत कायदेशीरपणे कसा पाठवायचा

फार्मा कारखान्यात हायड्रोजनेशनची (रसायनाला हायड्रोजन जोडण्याची) बॅच संपली की फिल्टरवर काळ्या चिखलासारखा एक थर उरतो. हा वापरलेला पॅलेडियम ऑन कार्बन, म्हणजे कार्बनवर पॅलेडियम हा मौल्यवान धातू बसवलेला कॅटलिस्ट (रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ). नवा आणताना त्यात कोरड्या वजनाच्या ५ किंवा १० टक्के पॅलेडियम असतं आणि वापरानंतरही त्यातलं बरंचसं तसंच राहतं, म्हणून हा ड्रम स्टोअरमध्ये कुलपात ठेवतात. कायद्याच्या लेखी मात्र तो घातक कचरा आहे. २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत औषधनिर्मितीतला वापरलेला कॅटलिस्ट २८.२ या नोंदीखाली येतो. एकाच ड्रमवर अकाउंट्सचाही डोळा असतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचाही.

हा माल युरोपातल्या रिफायनरीत, म्हणजे त्यातला धातू काढून शुद्ध करणाऱ्या कारखान्यात, पाठवायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी सुरुवात चुकीच्या टोकाने होते. कमर्शियलवाले भाव ठरवतात, फॉरवर्डरकडून (माल जहाजाने पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्याकडून) भाड्याचं कोटेशन येतं, जहाजावर जागा बुक होते आणि मग पर्यावरण विभागाला फोन जातो, "जरा पेपर्स बघा." वरातीमागून घोडं. पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने लिहिल्या आहेत त्याच क्रमाने करायच्या. उदाहरण महाराष्ट्रातल्या कारखान्याचं, न्हावा शेवा बंदराचं आणि पॅलेडियम कॅटलिस्टचं घेतलं आहे. बाकीच्या घातक कचऱ्याला सांकेतिक क्रमांक वेगळे लागतील, पण क्रम हाच राहील.

१. आधी ठरवा: पाठवायचाच का?

नियम ४ मध्ये कचऱ्याचा प्राधान्यक्रम दिला आहे: होऊच न देणं, कमी करणं, पुन्हा वापरणं, पुनर्चक्रण, त्यातून काही मिळवणं किंवा सह-प्रक्रिया, आणि सगळ्यात शेवटी सुरक्षित विल्हेवाट. मंडळासमोर हा क्रम सगळे पाठ म्हणून दाखवतात. कारखान्यात तो क्वचितच कोणी लावून बघतं. कॅटलिस्टच्या बाबतीत पहिला प्रश्न आर अँड डीला विचारायचा: हाच लॉट आणखी एका बॅचला चालेल का? अनेक प्रक्रियांमध्ये थोडा ताजा कॅटलिस्ट मिसळून जुना पुन्हा वापरता येतो. तसं झालं तर निघणारा कचराच कमी होतो.

दुसरा प्रश्न अंतराचा. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात प्लॅटिनम गटातले धातू परत काढण्याचं काम होतं. महाड, तारापूर किंवा कुरकुंभच्या कारखान्याला ते एका दिवसाच्या ट्रकचं अंतर आहे. देशातल्या देशात पाठवायचं तर फॉर्म १० चा सात प्रतींचा मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारा वाहतुकीचा कागद) पुरतो: पांढरी प्रत मंडळाला, पिवळी आपल्याकडे, बाकीच्या ट्रकसोबत. माल पोचल्यावर घेणाऱ्याने निळी प्रत आपल्याला परत पाठवायची. परराज्यात पुनर्चक्रणासाठी पाठवत असाल तर माल ट्रकवाल्याच्या हाती देण्याआधी दोन्ही राज्यांच्या मंडळांना कळवावं लागतं, पण दिल्लीच्या, म्हणजे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या, परवानगीचा प्रश्न येत नाही.

मग परदेशी का पाठवायचा? कारणं खरी असू शकतात. धातूची वसुली जास्त मिळते, मिश्र धातूंचा अवघड लॉट इथे कोणी घेत नाही, किंवा नवा कॅटलिस्ट पुरवणाऱ्या कंपनीशीच धातू परत देण्याचा करार असतो. दोन्हीकडचे भाव एका कागदावर मांडा. मात्र परदेशी भावातून विमा, बँक हमी, चाचण्या आणि अडकून पडलेल्या धातूवरचं व्याज वजा करायला विसरू नका. लहान लॉटचं गणित हे वजा केल्यावर बहुतेकदा टीटीसीच्या बाजूने झुकतं, असं माझं मत आहे.

२. कन्सेंट उघडून बघा

मंडळाच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे कारखाना चालवण्याच्या संमतिपत्रात, घातक कचऱ्याचा तक्ता असतो: वर्ग, प्रमाण, विल्हेवाटीची पद्धत. २८.२ च्या ओळीसमोर नुसतं 'सामायिक विल्हेवाट केंद्र' लिहिलं असेल, म्हणजे तळोजा किंवा रांजणगाव, तर तो माल रिफायनरीकडे पाठवायचा अधिकार तुम्हाला नाही. आधी दुरुस्ती करून घ्या. प्रमाणही बघा. कन्सेंटमध्ये वर्षाला ५०० किलो आणि निर्यातीच्या अर्जात ९०० किलो असेल तर अर्ज करून तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध पुरावा देता. फॉर्म ३ ची रोजची नोंद आणि गेल्या वर्षीचा फॉर्म ४ (मंडळाला दिलेलं वार्षिक विवरण) यांच्याशीही आकडे जुळायला हवेत.

३. वर्ग ठरवणं

इथे घाई केली की पुढचं सगळं फसतं. घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवरचा बाझल करार २२ मार्च १९८९ रोजी स्वीकारला गेला, ५ मे १९९२ पासून अमलात आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये भारत त्यात सामील झाला. त्याच्या याद्याच आपल्या नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीत आल्या आहेत. वापरलेल्या कॅटलिस्टच्या तिथे दोन शक्यता दिसतात. भाग 'अ' मधला ए२०३०, म्हणजे सर्वसाधारण टाकाऊ कॅटलिस्ट. आणि भाग 'ब' मधला बी११३०, म्हणजे मौल्यवान धातू असलेला, 'स्वच्छ केलेला' वापरलेला कॅटलिस्ट.

सगळा फरक त्या 'स्वच्छ केलेला' मध्ये आहे. ए२०३० असेल तर आयात करणाऱ्या देशाची लेखी पूर्वसंमती लागते. बी११३० असेल तर ती लागत नाही, पण केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे फॉर्म ५ चा अर्ज तरीही करावाच लागतो. भाग 'ब' म्हणजे मोकळं रान, हा गैरसमज फार पसरलेला आहे. नियम १४ मध्ये निर्यातीच्या अर्जासाठी भाग 'अ', भाग 'ब' आणि सहावी अनुसूची या तिन्हींचा उल्लेख आहे.

हायड्रोजनेशनमधून आलेल्या ओल्या थरात मिथेनॉल, टोल्युइन, कधी प्रॉडक्टचे अवशेष राहतात. पाण्याने दोनदा धुतला म्हणून तो 'स्वच्छ' होत नाही. प्रयोगशाळेकडून उरलेलं द्रावक, आर्द्रता, धातूंचं प्रमाण आणि आपोआप पेट घेण्याची चाचणी करून घ्या. नमुना एकाच ड्रममधून न घेता लॉटच्या प्रत्येक ड्रममधून घ्या. शंका असेल तर ए२०३० धरा. संमतीला वेळ लागेल, पण बंदरात अडकलेल्या मालापेक्षा तो कमीच असेल.

समोरचा देश काय म्हणतो हेही तितकंच महत्त्वाचं. युरोपच्या कचरा यादीत द्रावकाने दूषित झालेला कॅटलिस्ट १६ ०८ ०७ या तारांकित, म्हणजे घातक, नोंदीत जातो आणि निव्वळ मौल्यवान धातूचा १६ ०८ ०१ मध्ये. निर्यात, आयात किंवा मधल्या मुक्कामाचा, यांपैकी एकाही देशाच्या कायद्याने माल घातक ठरत असेल तर बाझलची प्रक्रिया लागू होते. रिफायनरीच्या पर्यावरण विभागाला तुमचा अहवाल पाठवा आणि ते कोणता क्रमांक लावणार हे लेखी घ्या.

४. कुठे आणि कुठून

मौल्यवान धातूंचं शुद्धीकरण करणारी जुनी, मोठी ठिकाणं ठरलेली आहेत: बेल्जियममधलं अँटवर्पजवळचं होबोकेन, जर्मनीतलं हानाऊ, इंग्लंडमधलं रॉयस्टन. तिथल्या कारखान्याचा परवाना तुमच्या कचऱ्याच्या क्रमांकापुरता चालतो का, हे बघा. नाव मोठं आहे म्हणून तो चालतोच असं धरू नका.

अमेरिकेतल्या खरेदीदाराचा भाव चांगला आला तरी थांबा. अमेरिकेने बाझल करारावर सही केली, पण अनुमोदन दिलेलं नाही. सदस्य नसलेल्या देशाशी अशा कचऱ्याची देवाणघेवाण वेगळ्या करारावाचून करायची नाही, असं कलम ४ सांगतं.

आता मार्ग. फॉरवर्डर 'न्हावा शेवा ते अँटवर्प' असं लिहून देतो, पण कंटेनर वाटेत कोलंबो, सलाला किंवा जेबेल अलीला उतरून दुसऱ्या जहाजावर चढणार असेल तर तो देश 'पारगमन देश' होतो. करारानुसार त्यालाही आगाऊ सूचना द्यावी लागते आणि उत्तरासाठी त्याला ६० दिवस असतात. म्हणून फॉरवर्डरला भाव विचारण्याआधी थेट सेवा आहे का ते विचारा. थोडं जास्त भाडं परवडतं, एका अधिकच्या देशाची संमती परवडत नाही. आणि अर्जात लिहिलेल्या बंदराऐवजी लाइनने (जहाज कंपनीने) ऐनवेळी दुसरं बंदर सुचवलं तर नाही म्हणा.

५. करार, विमा, हमी

रिफायनरीशी दोन गोष्टींचा करार होतो: व्यापाराचा आणि कचऱ्याचा. व्यापाराच्या करारात नमुना कसा घ्यायचा, धातूचे किती टक्के पैसे मिळणार, प्रक्रियेचा खर्च किती, हे असतं. कचऱ्याच्या करारात माल पर्यावरणाच्या दृष्टीने सुरक्षित रीतीने हाताळला जाईल आणि काही बिनसलं तर तो परत घेण्याची जबाबदारी कोणाची, हे असावं लागतं. कोणत्या क्रियेसाठी पाठवतोय तेही लिहा. कॅटलिस्टमधले घटक परत मिळवणं म्हणजे बाझलच्या सांकेतिक यादीत आर८. काही जण सवयीने आर४, म्हणजे धातूंचं पुनर्चक्रण, टाकतात. एका कागदावर आर८ आणि दुसऱ्यावर आर४ दिसलं की तपासणाऱ्याची पेन्सिल तिथेच थांबते.

फॉर्म ५ सोबत विमा संरक्षण जोडावं लागतं. युरोपातली यंत्रणा त्याशिवाय आर्थिक हमीही मागते, जेणेकरून माल परत पाठवायची वेळ आली तर खर्च सुटावा. ही हमी कोण भरणार हे करारातच ठरवून घ्या.

६. संमती, परवानगी आणि ९० दिवसांचं घड्याळ

आयात करणाऱ्या देशाची संमती तिथल्या सक्षम यंत्रणेकडून येते. होबोकेनसाठी ती फ्लँडर्सची ओव्हॅम ही संस्था. रिफायनरीचा माणूस या कामात मुरलेला असतो, मसुदा त्याच्याकडूनच तपासून घ्या. युरोपीय संघाचा कचरा वाहतुकीचा नवा नियम, क्रमांक २०२४/११५७, मुख्यत्वे २१ मे २०२६ पासून लागू होतो आणि त्यात कागदपत्रांची देवाणघेवाण इलेक्ट्रॉनिक होते. जुन्या फाइलमधले नमुने उचलून भरू नका.

आपल्या बाजूला फॉर्म ५ दिल्लीच्या मंत्रालयाकडे जातो. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत मंत्रालय निर्णय देऊ शकतं. यातला भर 'पूर्ण' वर आहे. एखादं जोडपत्र राहिलं की मोजणी सुरूच होत नाही. परवानगीची प्रत कचरा जिथे तयार होतो आणि बंदर जिथे आहे, त्या राज्यांच्या मंडळांना, तसंच बंदर आणि कस्टम्सला जाते. आपल्या उदाहरणात दोन्हीकडे महाराष्ट्रच आहे, तेवढी एक गोष्ट सोपी.

खरी अडचण वेळेची. नियम ८ प्रमाणे घातक कचरा आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा करणाऱ्या लहान कारखान्याला मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं, पण मध्यम फार्मा कारखाना या मर्यादेत बसत नाही. एका परदेशी संमतीचे आठवडे आणि वर मंत्रालयाचे ६० दिवस धरले तर ९० दिवस केव्हाच उलटून जातात. भरलेले ड्रम समोर ठेवून अर्ज करणारा कारखाना पहिल्याच दिवशी मुदतीच्या मागे पडलेला असतो.

उपाय एकच: अर्ज ड्रम भरण्याआधी करायचा. सारख्याच स्वरूपाचा माल, तोच घेणारा, तोच मार्ग असेल तर बाझल करारात १२ महिन्यांपर्यंतच्या अनेक खेपांसाठी एकच सर्वसाधारण सूचना देता येते. उत्पादनाच्या वार्षिक योजनेवरून किती कॅटलिस्ट निघेल याचा अंदाज बांधा, त्या प्रमाणासाठी संमती आणि परवानगी घ्या, मग प्रत्येक लॉट ९० दिवसांच्या आत हलवा. अंदाज थोडा सढळ ठेवा. परवानगीपेक्षा माल कमी गेला तर चालतं, जास्त जाऊ शकत नाही.

आणि संमती मिळेलच असं धरून कारखान्याचा हिशेब मांडू नका. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा सुमारे ३५० टन कचरा जर्मनीत जाळण्याचा प्रस्ताव २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या पातळीवर पुढे गेला होता. तिथल्या संस्थेने त्याच वर्षी माघार घेतली. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये ३३७ टन कचरा पिथमपूरला नेला आणि त्याच वर्षी जूनअखेरपर्यंत तो तिथे जाळण्यात आला. टीटीसीतल्या किंवा देशातल्या दुसऱ्या रिफायनरीचं एक चालू कोटेशन फाइलला लावून ठेवा.

७. पॅकिंग: पाणी आणि पिवळं लेबल

पॅलेडियम कार्बनची जोखीम विषारीपणापेक्षा आगीची आहे. हायड्रोजन शोषलेला थर सुकला आणि त्यात मिथेनॉलची वाफ असली की हवेच्या संपर्काने तो पेटतो. म्हणून फिल्टरवर नायट्रोजनखाली पाण्याने धुवायचा, ओला असतानाच आतल्या पिशवीत भरायचा आणि वर पाणी दिसेल इतकं ठेवायचं. समुद्री वाहतुकीत असा माल अनेकदा यूएन १३७८, वर्ग ४.२ (आपोआप पेट घेणारे पदार्थ) म्हणून जातो. अंतिम वर्गीकरण चाचणीच्या अहवालावरून ठरतं. ड्रमवर संयुक्त राष्ट्रांच्या मान्यतेचा ठसा हवा. उघडणाऱ्या झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रमसाठी तो १एच२ ने सुरू होतो. भंगारातून आणलेला निळा ड्रम इथे चालत नाही.

पाण्याचा आणखी एक त्रास आहे. झाकण सैल असेल तर साठवणुकीत पाणी उडतं आणि वजन घटतं. भरताना ४२ किलो लिहिलेला ड्रम निघताना ४० भरतो आणि फॉर्म ६ (परदेशी वाहतुकीचा दस्तऐवज), पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल यांच्यात तफावत दिसते. पॅलेडियमच्या मालात दोन किलो कुठे गेले, हा प्रश्न कस्टम्स सहज सोडत नाही. ड्रम निघण्याच्या दिवशी पुन्हा वजन करा, ओलं आणि अंदाजे कोरडं अशी दोन्ही वजनं लिहा आणि पाणी कमी झालं असेल तर आधी भरा. सुकत चाललेला ड्रम हा कागदाच्या आधी आगीचा प्रश्न आहे.

लेबल फॉर्म ८ प्रमाणे: चमकदार पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरात 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा', हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. ते पाण्याने न धुतलं जाणारं आणि हवामानाला टिकणारं असलं पाहिजे, हेही फॉर्ममध्येच लिहिलेलं आहे. ऑफिसच्या इंकजेटवर छापून वर चिकटपट्टी मारलेलं लेबल उरणच्या यार्डात जुलैचा एक पाऊस झेलत नाही. शाई ओघळते, पिवळ्यावर गुलाबी डाग उरतात आणि ड्रमची ओळखच जाते. विनाइलवर छापा, दोन बाजूंना लावा आणि तिसरी प्रत आतल्या पिशवीला बांधा.

८. रस्ता आणि बंदर

जहाजावरची जागा आता बुक करायची. लाइनकडून धोकादायक मालाची मंजुरी लेखी घ्या. अनेक लाइन कचरा घेतच नाहीत, त्यामुळे बुकिंगमध्येच 'कचरा' असं स्पष्ट लिहा. केमिकल म्हणून घुसवलेला माल पुढे पकडला गेला तर तो बेकायदा वाहतूक ठरतो, आणि निर्यातदाराच्या वागण्यामुळे तसं झालं असेल तर कळवल्यापासून ३० दिवसांत माल परत आणण्याची जबाबदारी बाझल कराराच्या कलम ९ प्रमाणे आपल्यावर येते.

ट्रकच्या ड्रायव्हरकडे धोकादायक मालाची नोंद असलेला परवाना आणि फॉर्म ९ चं आपत्कालीन कार्ड हवं. ते त्याला वाचून दाखवा, कारण आग लागली तर पहिली दहा मिनिटं तोच एकटा तिथे असतो. मालासोबत फॉर्म ६ चा वाहतूक दस्तऐवज, मंत्रालयाची परवानगी, आयात देशाची संमती, प्रयोगशाळेचा अहवाल आणि धोकादायक मालाचं घोषणापत्र. सीएचएला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) हा संच आठवडाभर आधी द्या. कस्टम्सच्या वर्गीकरणात मौल्यवान धातूंचा कचरा ७११२ या शीर्षकाखाली येतो. शिपिंग बिलावरचं वर्णन फॉर्म ६ वरच्या वर्णनाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. सीएचएचा मुलगा जुन्या बिलावरून 'केमिकल रेसिड्यू' असं उचलून टाकणार नाही, हे स्वतः बघा.

न्हावा शेव्यातले अधिकारी या विषयात कडक का असतात, त्याला इतिहास आहे. ल्युब्रिकेटिंग ऑइल म्हणून आलेले पण प्रत्यक्षात टाकाऊ तेल निघालेले १३३ कंटेनर तिथे अनेक वर्षं पडून होते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला. तो आयातीचा मामला होता. विल्हेवाटीसाठी घातक कचरा भारतात आणताच येत नाही आणि बेकायदा आलेला माल आयातदाराने ९० दिवसांत परत पाठवायचा असतो. पण कागदावरचं नाव आणि ड्रममधला माल यांच्यात फरक दिसला की निर्यातदाराकडेही त्याच नजरेने बघितलं जातं.

९. माल पोचल्यावर

रिफायनरीत आधी कार्बन जाळतात, राख दळून चाळतात आणि तिचे नमुने करतात: एक त्यांचा, एक तुमचा, एक सीलबंद, वादासाठी तिसऱ्या प्रयोगशाळेचा. पहिल्या लॉटला नमुना घेताना तुमचा प्रतिनिधी तिथे हजर असू द्या. तिथे स्वतंत्र प्रतिनिधी भाड्याने मिळतात आणि विमानाच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतात. दोन अहवालांतला फरक करारातल्या मर्यादेत असेल तर मध्य धरतात, नाहीतर सीलबंद नमुना उघडतो.

पैसे आले की कमर्शियलची फाइल बंद होते. आपली चालू राहते. माल मिळाल्याची सही केलेली पोच आणि नंतर प्रक्रिया पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, अशी दोन कागदपत्रं रिफायनरीने आपल्याला आणि सक्षम यंत्रणेला द्यायची असतात. पोच लगेच येते. प्रमाणपत्र मागावं लागतं, म्हणून शेवटच्या पेमेंटची पावती त्याच्याशी जोडून घ्या. फॉर्म ३ मध्ये लॉट वजा करा आणि ३० जूनपर्यंत मंडळाला जाणाऱ्या फॉर्म ४ मध्ये तोच आकडा टाका. वाटेत सांडलं, पेटलं, काही घडलं असेल तर फॉर्म ११. तो वर्षाअखेर भरायचा नसून फोन-ईमेलवर तात्काळ कळवून लगेच पाठवायचा आहे. सर्वसाधारण सूचनेचे १२ महिने कधी संपतात ते आताच कॅलेंडरवर टाका आणि पुढच्या वर्षाचा अर्ज त्याच्या पाच-सहा महिने आधी तयार ठेवा, नाहीतर फिल्टरवरचा पुढचा थर निघेल तेव्हा तुमच्याकडे ना चालू संमती असेल ना परवानगी.